एक्झोम टेस्ट आणि जेनेटिक काउन्सेलिंग : पैसे नेमके कशाचे वसूल झाले

ज्यांच्या घरी मूल उशिरा चालायला लागलंय, बोलणं जवळपास नाहीच, तापात फिट्स येतात आणि एमआरआय "नॉर्मल" म्हणून फाइलला लागून पडलाय, त्यांच्यासाठी लिहितेय. एक्झोम टेस्ट म्हणजे प्रोटीन बनवणारे जवळपास सगळे जीन एकदम वाचणारी रक्ततपासणी, आणि जेनेटिक काउन्सेलिंग म्हणजे त्याचा अर्थ घरच्यांना समजावून सांगणं. आम्ही दोन ठिकाणी गेलो. जीन तोच सापडला, पण अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक.

पहिली लॅब, नाव लिहीत नाही. घरी येऊन रक्त घेऊन गेले, जांभळ्या टोपणाची ट्यूब, फक्त मुलीचं, आमचं दोघांचं नाही. मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. त्यात डब्ल्यूडीआर४५ नावाच्या जीनमध्ये एक बदल आणि त्यापुढे व्हीयूएस, म्हणजे या बदलाने आजार होतो की नाही ते आत्ता सांगता येत नाही. लॅबला फोन केला तर डॉक्टरांना दाखवा, डॉक्टरांना दाखवलं तर लॅबला विचारा. एवढे पैसे भरून आईबापाने असं मधल्यामध्ये लटकत राहायचं हे मला अजिबात पटलेलं नाही.

मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या जेनेटिक्स ओपीडीत गेलो आणि तिथल्या काउन्सेलर मॅडमना माझ्याकडून पाचपैकी पाच. त्यांनी आधी रिपोर्ट उघडलाच नाही. तीन पिढ्यांचा नकाशा काढला, कोणाला फिट्स, कोणाचा गर्भपात, नात्यात लग्न झालंय का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, आता तुमच्या दोघांच्या रक्तात हा एकच बदल आहे का तेवढं बघू, त्याला सँगर टेस्ट म्हणतात, पूर्ण एक्झोम परत करायची गरज नाही. आमच्या दोघांतही तो बदल निघाला नाही, म्हणजे मुलीत तो नव्याने झालेला. नुसत्या एवढ्याने व्हीयूएसचं "लाइकली पॅथोजेनिक" झालं, म्हणजे आजार बहुधा या बदलामुळेच. हेच काम पहिल्या लॅबने सुरुवातीला तिघांचं रक्त घेऊन केलं असतं तर मधले महिने वाचले असते, म्हणून शक्य असेल तर ट्रायोच (मूल आणि आईबाप, तिघांची एकत्र टेस्ट) करा.

आजाराचं नाव बीपॅन, यात मेंदूची हळूहळू झीज होते आणि मेंदूत लोह साठतं. मला कोणी तरी नीट सांगायला हवं होतं की हा जीन करतो काय, आणि मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पेशीतली खराब प्रोटीन्स, मोडकी मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) यांच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते, ती लायसोसोम नावाच्या पेशीतल्या पाचक पिशवीला जाऊन मिळते, आतला माल विरघळतो आणि परत वापरला जातो, हीच ऑटोफॅजी. जपानच्या योशिनोरी ओसुमींना यीस्टमध्ये यामागचे जीन शोधल्याबद्दल 2016 चं नोबेल मिळालं. ही पिशवी वाढायला पडद्याचं सामान लागतं, ते एटीजी२ नावाचं प्रोटीन पुरवतं, आणि डब्ल्यूडीआर४५ जीनपासून बनणारं विपी४ हे त्याचं जोडीदार. मी विचारलं, जीन तर अंगातल्या सगळ्याच पेशींत आहे, मग मार मेंदूलाच का? तर त्या म्हणाल्या, घंटागाडी आठवडाभर आली नाही तर मोकळ्या मैदानात चालून जातं, चाळीत नाही. बाकीच्या बऱ्याच पेशी विभागतात, कचरा वाटला जातो, न्यूरॉन, म्हणजे मेंदूची पेशी, मात्र जन्मभर तोच. 2006 साली उंदरांवर हे दिसलंय, फक्त न्यूरॉन्समधून ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ किंवा एटीजी७ काढलं तरी मेंदूची झीज सुरू झाली. माणसांतही 2021 मध्ये पाच कुटुंबांतले बारा जण सापडले ज्यांच्यात एटीजी७ बिघडलेलं, आणि त्यांना मेंदूचे, तोल जाण्याचे वगैरे त्रास आहेत.

दुसऱ्या भेटीला मॅडमनी सासूबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "आजी, हे तुमच्याकडून आलेलं नाही आणि सुनेच्या माहेराकडूनही नाही." घरात इतकी वर्षं जी कुजबुज चालली होती ती त्या एका वाक्याने थांबली. जीन एक्स क्रोमोझोमवर आहे, आजार मुलींमध्ये जास्त सापडतो, पुढच्या बाळाला धोका कमी पण शून्य नाही, कारण आईबापाच्या बीजपेशींपैकी थोड्यांत तो बदल असू शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. पुढच्या गरोदरपणात तपासणी करता येते, ते लिहून दिलं.

औषधाबद्दल खोटी आशा दाखवली नाही याचे वेगळे मार्क. मूळ कारणावर आज इलाज नाही, फिट्सना फिट्सची औषधं, फिजिओ, स्पीच थेरपी, आणि मोठेपणी पार्किन्सनसारखी हालचाल सुरू झाली तर लेव्होडोपा, ज्याचा सुरुवातीला उपयोग होतो पण अंगाच्या नको त्या हालचालीही लवकर येतात. मेंदूत लोह साठणं लहानपणीच्या एमआरआयमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून पुढच्या वेळी लोह दाखवणारी एसडब्ल्यूआय सिरीज मुद्दाम मागा असंही सांगितलं. ऑटोफॅजी वाढवणाऱ्या गोळ्या आणि उपास यांच्या जाहिराती मला रोज दिसतात, त्यावर त्यांचं उत्तर असं की प्रोटीनच बिघडलेलं आहे तिथे या मुलीला त्याचा फायदा होतो असा पुरावा नाही, आणि फिट्स येणाऱ्या लहान पोरीला उपाशी तर अजिबात ठेवू नका. पैसे वाचले ते वाचलेच, पण मुख्य म्हणजे पोरीचे हाल वाचले.

तक्रारी दोन आहेत. अपॉइंटमेंट मिळायला फार वेळ लागतो, आणि लेखी सारांश फक्त इंग्रजीत देतात, गावाकडच्या माणसाला तो काय उपयोगाचा, पानभर मराठीत द्यायला काय हरकत आहे. टेस्टला चार, काउन्सेलिंगला पाच.

बुकिंग करायच्या आधी लॅबला एवढं नक्की विचारा की रॉ डेटा, म्हणजे मशीनने वाचलेली मूळ माहिती, देणार का (आमचा आम्ही हार्ड डिस्कवर मागून घेतला), आणि एक-दोन वर्षांनी तोच डेटा परत तपासून देणार का, कारण नवीन जीन सापडत राहतात आणि आज काहीच न मिळालेल्या रिपोर्टमध्ये उद्या उत्तर निघू शकतं, त्यासाठी परत रक्त द्यावं लागत नाही.