ऑफिसमधलं पाळणाघर, 8 महिने वापरल्यावर

लेक 11 महिन्यांची असताना ऑफिसच्या खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात टाकली, आता 19 महिन्यांची आहे. बायकोचं ऑफिस बरोब्बर उलट्या दिशेला, त्यामुळे सोडणं-आणणं सगळं माझ्याकडे.

पहिले दोन आठवडे बेक्कार गेले. वर्षाच्या आसपास मुलं आईबापाला जाम चिकटतात आणि आम्ही नेमकं तेव्हाच टाकलं. मी हौसेने लंचला भेटायला जायचो, पोरगी खूश, मी निघालो की जे भोकाड पसरायची ते झोप लागेपर्यंत. चौथ्या दिवशी ताई सरळ म्हणाल्या, "दादा, दुपारी येऊच नका, सकाळभर रमवलेलं सगळं पाण्यात जातं." मग मी दाराबाहेर उभा राहून नुसता आवाज ऐकायचो, तर एकदा तिने दाराखालच्या फटीतून माझे बूट ओळखले! झालं, परत रडारड. तिसऱ्या आठवड्यात मात्र रुळली.

टाकायच्या आधी एका ताईकडे किती मुलं हे नक्की विचारा, भिंतीवरची चित्रं नंतर बघा. आमच्या छोट्या गटात एका ताईकडे 3 मुलं आहेत, म्हणून निभतंय.

आजारपण धरूनच चाला. पहिले तीन महिने नाक वाहतच होतं. 38 डिग्रीला ताप गेला की फोन येतो, आणि औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच परत घेतात. नियम बरोबरच आहे पण टीमला वाटतं पाळणाघर खालीच आहे म्हणजे ह्याला सुट्टी कशाला लागते, अरे बाबांनो आजारी मूल तिथे ठेवतच नाहीत!

टीममधली एक जण मधेच खाली जाऊन बाळाला पाजून येते. दूध पंप करा, बाटलीवर तारीख टाका, फ्रीजमधलं 4 दिवसांत संपवा, ही कटकट तिला नाही. हा फायदा खरंच मोठा आहे.

पाळणाघर साडेसहाला बंद, मीटिंगा मात्र सहाला सुरू होतात. टीममधली ती आई उठली की कोणी काही बोलत नाही, मी उठलो की "बायको नाही का घ्यायला?"

आणि एक गोष्ट आधी डोक्यातच आली नव्हती, नोकरी सोडली की जागाही जाते. मागच्या महिन्यात दुसरीकडून ऑफर आली, पगार बराच जास्त, पण तिकडे पाळणाघर नाही आणि लेक आता ताईंच्या कडेवरून मला टाटा करते. ऑफरवाल्यांना अजून उलटा फोन केलेला नाही.