सोसायटीतल्या बेडरूममधून डेथ मेटल: आर्डर आणि त्याचा गोतावळा

भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, आणि लाईटवाल्यांची दुरुस्तीची कामंही गुरुवारीच. कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या आणि उरलेल्या वेळात डेथ मेटल (रॉकचा जोरकस, गुरगुरता प्रकार) वाजवणाऱ्या माणसाच्या वाट्याला यातून काय येतं? रेकॉर्डिंगला मिळणारा आठवड्यातला एकुलता एक अख्खा दिवस, तोही बिनभरवशाचा.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर असाच एक गुरुवार. तिसऱ्या गाण्याची डावीकडची गिटार चालू होती. अकरावा टेक. ब्रेकडाऊन, म्हणजे गाण्यातला संथ, जड तुकडा, पहिल्यांदाच जिथल्या तिथे बसला होता, हात गरम होता, आणि फटकन सगळं बंद. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, चार्जर निघाला की तो जातो. मी गिटार गळ्यात घेऊन पाच मिनिटं तसाच बसलो. आईनं बाहेरून विचारलं, "संपलं का रे?" तिचा सूर आनंदाचा होता.

साडेतीनला लाईट आली. आर्डर, म्हणजे माझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, उघडलं तर समोर पाटी: मागच्या वेळी रेकॉर्डिंग चालू असताना संगणक बंद झालेला दिसतो, तेवढा आवाज परत मिळवू का? हो म्हटलं. टेक होता. शेवटचे क्षण सोडले तर सगळा होता, आणि आज आमच्या ईपीत (अल्बमपेक्षा छोटा गाण्यांचा संच) तोच वाजतोय.

हे परीक्षण म्हणजे त्या टेकची परतफेड समजा. आमच्या चौघांच्या बँडनं चार गाण्यांची, एकोणीस मिनिटांची ईपी सगळीच्या सगळी ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड खुला असलेल्या, सॉफ्टवेअरवर केली. फुकट मिळतं म्हणून नाही. आधी आम्ही विकतचं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर वापरायचो. मदरबोर्ड बदलला तशी त्याची परवानगी गेली, दोन मेल केले, उत्तर आलं नाही, आणि आमची २०१६ ची डेमो गाणी त्या फाईलींच्या पोटात आजही अडकलेली आहेत. मी दिवसभर मशीनची कव्हरं उघडतो. कव्हर उघडता येत नाही ते मशीन मला आवडत नाही, इतकंच.

आर्डर म्हणजे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचा पूर्ण स्टुडिओ. पॉल डेव्हिस हा ॲमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. ते काम सोडल्यावर त्यानं हे लिहायला घेतलं आणि पंचवीस वर्षं झाली तरी लिहितोच आहे. लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींवर चालतं. कोड सगळ्यांसाठी खुला. मात्र त्यांच्या साइटवरून तयार प्रोग्राम घ्यायचा तर परवडेल तेवढे पैसे मागतात, वर्गणी महिन्याला एका डॉलरपासून. फुकटची चाचणी आवृत्ती मधेच गप्प होते. उबुंटू, फेडोरा वगैरेंच्या भांडारात मात्र पूर्ण आवृत्ती तशीच मिळते. मी वर्षभर तीच वापरली, मग लाज वाटली आणि पैसे भरले.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दिसायला अगदी मामुली आहे. गाण्याचं फोल्डर उघडा. आवाजाच्या फाईली साध्या वेव्ह, कुठेही वाजणाऱ्या. मिक्सची सगळी मांडणी एका एक्सएमएल फाईलीत, म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो. उद्या आर्डर बंद पडलं तरी गिटार माझीच राहते.

आता लेटन्सी. गिटार छेडली आणि हेडफोनमध्ये आवाज आला यांतलं अंतर. मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या टेम्पोला सोळाव्या भागाच्या (एका ठोक्यात चार) नोटा वाजवल्या की दोन नोटांमध्ये ७५ मिलिसेकंद असतात. त्यातले वीस वाटेत गेले तर उजवा हात स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. संगणक सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेतो (सॅम्पल रेट) आणि एका वेळी १२८ नमुन्यांचा गठ्ठा (बफर) हाताळतो, म्हणजे २.७ मिलिसेकंद; जाणं-येणं आणि इंटरफेसचा, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचा, स्वतःचा वेळ धरूनही हाताला कळत नाही. पूर्वी यासाठी लिनक्सच्या कर्नलला (गाभ्याला) वेगळा पॅच मारावा लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत ते रिअल-टाइमचं, म्हणजे ठरल्या वेळेत हमखास काम उरकण्याचं, काम मूळ कर्नलमध्येच आलं. मी तर आता साध्या कर्नलवरच, पाइपवायर (लिनक्सवर आवाजाची ने-आण करणारा प्रोग्राम) लावून, निवांत वाजवतो. हार्डवेअरच्या बाबतीत एवढंच बघा की यूएसबी इंटरफेस स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय चालणारा हवा.

खरी गंमत ड्रम्सची. आमच्या सोसायटीत ड्रमसेट लावणं म्हणजे सर्वसाधारण सभेला निमंत्रण. म्हणून ड्रम संगणकातले, आणि संगणकातले ड्रम मेटलमध्ये लगेच ओळखू येतात: किक टाइपरायटरसारखी, स्नेअर प्रत्येक वेळी तीच. यावर ड्रमगिझ्मो नावाचं प्लगइन, म्हणजे आर्डरमध्ये बसणारं जोड-सॉफ्टवेअर, आहे. डेन्मार्कच्या मंडळींनी बनवलेलं, आणि त्यातला आम्ही वापरलेला संच आहे क्रोसेलकिट. क्रोसेल हा तिथला डेथ मेटल बँड, त्यांच्या ड्रमरचा हा सेट. एकेका ड्रमवर हलक्यापासून जोरदारपर्यंत कितीतरी फटके मारून, सगळे माइक एकाच वेळी चालू ठेवून रेकॉर्ड केलेला. त्यामुळे स्नेअर वाजली की ती ओव्हरहेडमध्येही (वर टांगलेल्या माइकमध्ये) येते, टॉमच्या माइकमध्येही सांडते, खऱ्या खोलीत सांडते तशी. हे सांडणं कमी-जास्त करायला वेगळी पट्टी आहे. वेळेत आणि जोरात माणसासारखी थोडी गडबड घालायची सोयही आहे. ती अर्ध्याच्या वर नेऊ नका, ड्रमर प्यायलेला वाटतो.

संच काही जीबींचा आहे. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपनं आधी मान टाकली; डिस्कवरून वाचायचा पर्याय चालू केल्यावर सावरला. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय द्या आणि वापरा. आम्ही ईपीच्या मागे दिलंय. ज्याला कधी भेटणार नाही अशा डॅनिश माणसाच्या स्नेअरवर आमची मराठी गाणी उभी आहेत.

दुसऱ्या गाण्यात सातचा ठेका आहे, तीन-दोन-दोन, आणि मधे चार ओळी पाचाच्या. मी तक्ता काढून ड्रमरला समजावत होतो. तो लहानपणी भजनात पखवाज वाजवायचा. म्हणाला, "रूपकच की, एवढं काय?" आर्डरमध्ये टेम्पो आणि मात्रा हव्या तिथे बदलता येतात, रेषा त्याप्रमाणे आखून मिळतात. सातव्या आवृत्तीपासून आतली काळ मोजायची पद्धतच नव्यानं लिहिली आहे. ईपीचा टेम्पो नंतर १८८ वरून १९२ केला तेव्हा मिडी (आवाज नव्हे, कुठली नोट कधी वाजवायची याची नोंद; आमचे ड्रम त्यावरच आहेत) आपोआप सरकलं. गिटारी मात्र पुन्हा वाजवल्या. ताणता आल्या असत्या, पण ताणलेली गिटार मला दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांसारखी लागते.

इथेच तक्रारीही उरकतो. मिडी हा आर्डरचा मजबूत भाग नाही. नोटा टाकायला, पुसायला, जोर बदलायला येतं. आठव्या आवृत्तीत जोराच्या काड्या दिसायला लागल्या, तेवढं सुख. पण ज्यांचं सगळं संगीत नोटा मांडूनच होतं त्यांनी दुसरं काही बघावं. विंडोजसाठीची प्लगइन्स लिनक्सवर थेट चालत नाहीत. याब्रिज नावाचा पूल आहे, पण तो वाईनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) उभा आहे आणि मी पुलावरून गिगला जात नाही. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं जुन्या आवृत्तीत उघडेल अशी अपेक्षाही ठेवू नका. आमचा बासवाला नाशिकला असतो. पहिली फाईल पाठवण्याआधी दोघांनी एकच आवृत्ती टाकून घेतली. आणि बटणं इतकी आहेत की पहिला महिना मी कंट्रोल पॅनलचं ड्रॉइंग वाचतोय असंच वाटलं. मला ते आवडलं. आमच्या गायकाला नाही.

गिटारच्या आवाजाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. वाजवताना मी गिटारिक्स लावतो: लिनक्सवरचा ॲम्प, पेडल, कॅबिनेट यांचा रॅक. रेकॉर्ड मात्र कोरी गिटारच करतो, आवाज नंतर चढवतो. नुसत्या गिटारिक्सवर रॉक आणि जुनं हेवी मेटल झकास होतं. ड्रॉप बी ट्यूनिंगला (तारा खूप खाली उतरवून लावल्यावर) तळाशी जो चिखल होतो, तो मला त्यात आवरता आला नाही. तो आवरला न्यूरल ॲम्प मॉडेलरनं.

माझ्याकडे एक डिस्टॉर्शन पेडल आहे, मीच सोल्डर केलेलं. टीएल०७२ ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप), दोन डायोड, तापकीर गल्लीतून आणलेला पत्र्याचा डबा. सर्किट चुकलंय. डायोड एका बाजूला जास्त कापतात, म्हणून त्याला एक चावरा, कर्कश आवाज आहे, आणि आमच्या बँडचा आवाज तोच. भीती अशी की हे पेडल एक दिवस मरणार आणि ती चूक मला पुन्हा करता येणार नाही.

स्टीव्हन ॲटकिन्सननं लिहिलेलं हे मॉडेलर अशा चुकांची नक्कल करतं. त्यांची ठरलेली टेस्ट फाईल आहे, साधारण तीन मिनिटांची, चित्रविचित्र आवाजांची. ती इंटरफेसमधून पेडलमध्ये सोडायची, बाहेर आलेलं परत रेकॉर्ड करायचं, आणि दोन्ही फाईली न्यूरल नेटवर्कला द्यायच्या. पेडलमध्ये काय शिरलं आणि काय निघालं यावरून ते पेडलचा स्वभाव शिकतं. हे शिकवणं मी गुगल कोलॅबवर फुकटात केलं. एक सूचना: इंटरफेसचा आवाज पेडलला सोसेल इतका कमी करून सोडा, माझा पहिला प्रयत्न त्यात वाया गेला. आणि ट्यूब ॲम्पची नक्कल करायची असेल तर स्पीकर किंवा लोड न जोडता ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. डिले, रिव्हर्ब यांची नक्कल यात होत नाही.

निकाल? ड्रमरला डोळे मिटून दोन्ही ऐकवले, त्याला ओळखता आलं नाही. मला आलं. खऱ्या पेडलमध्ये स्वस्त अडॅप्टरचा गुणगुणाट आहे, नकलेत तो नाही. गिटारीशी त्याचा काही संबंधच नसल्यामुळे तो शिकला गेला नाही. दहा वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो गुणगुणाट गेल्यावर जरा चुकल्यासारखं झालं. ही फाईल मी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. घ्या, आणि चूक पुढे न्या.

आता स्टेज. १ फेब्रुवारी २००८ ला बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये आयर्न मेडन ऐकून रात्री दादरच्या फलाटावर झोपलो होतो, तेव्हापासून मला वाटायचं की स्टेजवर माणसं आणि घाम यांशिवाय काही नसावं. आता आमच्याच स्टेजवर लॅपटॉप असतो. गाण्यांच्या सुरुवातीला तुतारी आणि पावसाचे आवाज आहेत, ते त्यातून येतात. आर्डरमध्ये क्लिकचं, म्हणजे ठेका धरायच्या टकटकीचं, आउटपुट वेगळ्या वाटेनं काढता येतं, म्हणून चार आउटपुटच्या इंटरफेसमधून पहिली जोडी साउंडवाल्याला आणि तिसरी तार थेट ड्रमरच्या कानात. लोकांना पाऊस ऐकू येतो, त्याला टकटक.

कोरेगाव पार्कातल्या एका पबमध्ये तिसऱ्या गाण्यात पाऊस थांबला. ड्रमरची टकटकही थांबली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी लॅपटॉपकडे. पडदा काळा. वाटलं कोसळलं. कोसळलं नव्हतं, झोपलं होतं: पंधरा मिनिटं कळ दाबली नाही की लॅपटॉपनं झोपावं ही सेटिंग मीच घरी ठेवली होती. आर्डरचा त्यात काही दोष नाही. ड्रमरनं ठेका सोडला नाही, शेवटपर्यंत १९२ च्या आसपासच राहिला, आणि नंतर साउंडवाला मला म्हणाला, "तिसरं सगळ्यात भारी झालं, सर." तेव्हापासून गिगच्या दिवशी झोप, वायफाय, अपडेट सगळं बंद करायची यादी केसच्या झाकणावर चिकटवली आहे. मशीनवर चिकटवतो तशीच, लॅमिनेट करून.

घ्यावं का? गिटार, बास, गळा रेकॉर्ड करणाऱ्या बँडनं डोळे मिटून घ्यावं. पहिली गाणी करताना चिडचिड होईल, तिसऱ्यापर्यंत हात बसतो. एकट्यानं कीबोर्डवर सगळं रचणाऱ्यानं आधी चाचणी आवृत्ती घेऊन मिडी तपासावं. मॅकवर आधीच काही छान चाललं असेल तर मोडू नका.

आमच्या ड्रमरला मात्र भलतंच वेड लागलंय. डॅनिश माणसाचा सेट सहा महिने वाजवून तो म्हणाला, "माझाही टाकू." त्याचा सेट तिसऱ्या हाताचा आहे, एका टॉमचं कातडं उत्सवातल्या ढोलासारखं दिसतं. पण ड्रमगिझ्मोवाल्यांनी संच बनवायचा एडिटरही मोकळा ठेवलाय, डीजीएडिट. म्हणजे एकेका ड्रमवर साठ-सत्तर फटके, हळू ते जोरात, मधे पूर्ण शांतता, आणि मग महिनाभर मी ते कापत बसणार. चिंचवडच्या जॅम रूमवाल्याला दिवसभराचं भाडं विचारलंय. तो म्हणाला, कुठलाही वार सांगा. गुरुवार सोडून सांगितलाय, त्यासाठी रजा टाकावी लागेल.