नाचता घोडा की पोपट? थांग काळातली दोन चांदीची भांडी

चीनच्या थांग राजवटीतली ही दोन्ही भांडी, घोड्याची सुरई आणि पोपटाचा डबा, १९७० साली शिआन शहराच्या हच्याछुन भागात एकाच पुरलेल्या ठेव्यात सापडली. दोन्हींत चांदीवर फक्त नक्षीपुरता सोन्याचा मुलामा आहे, त्यामुळे चित्र लगेच उठून दिसतं.

सुरई आहे भटक्या टोळ्यांच्या चामडी पिशवीच्या घाटाची. तिच्या दोन्ही बाजूंना ठोकून उठवलेला घोडा आहे: मागचे पाय दुमडलेले, गळ्यातली फीत उडतेय, तोंडात पेला. सम्राट शुआनझोंगच्या वाढदिवसाला दरबारात असे शिकवलेले घोडे खरंच नाचत. बाकी अंग मात्र कोरं, गुळगुळीत! एवढं मोकळं सोडायला कारागिराचा हात किती पक्का हवा.

पोपटाचा डबा याच्या अगदी उलट. फुलांच्या गर्दीत पंख पसरलेला पोपट, आणि मागची सगळी जमीन बारीक गोल ठशांनी भरलेली. कडी धरून उचलायचा हा गोल डबा औषधी खनिजांचा होता; झाकणाच्या आत शाईने लिहिलंय, जांभळं स्फटिक ५० ल्यांग (जुनं चिनी वजन), पांढरं १२.

कारागिरीत माझं मत सुरईलाच. पण वापरणाऱ्याचं अक्षर पाहायचं असेल, तर ते डब्यातच आहे.