एटीआर का एम्ब्रेअर? उजळाईवाडीवरनं उडताना आधी सीट बघा

कोल्हापुरातनं विमानानं जाणारी माणसं तिकीट काढताना दोनच गोष्टी बघतात, भाडं किती आणि वेळ कुठली. विमान कुठलं हे कोण बघत नाही. माझ्या मते तेच आधी बघायला पाहिजे, कारण आपल्या उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, येतात ती छोटी विमानं, आणि छोट्या विमानात तुम्ही कुठल्या कंपनीचं तिकीट काढलंय यापेक्षा कुठल्या ओळीत बसलाय यावर ठरतं की प्रवास निवांत होणार का डोकं उठणार. बुकिंग करताना विमानाचं नाव बारीक अक्षरात असतं, एटीआर ७२ नाहीतर एम्ब्रेअर, ते वाचायचं आणि मगच सीट निवडायची.

आधी एटीआर, म्हणजे पंख्याचं विमान. हैदराबाद-बंगळूरकडं आपल्याकडनं बरीच वर्षं हेच जातंय. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ सीटा, अलायन्स एअरच्या ७०, दोन्हीकडं दोन-दोन, म्हणजे मधली सीट ही भानगडच नाही, हे एक मोठं सुख. पण ह्याचा दरवाजा मागं असतो. पुढं कॉकपिट आणि प्रवाशांच्या मध्ये सामानाची जागा आहे, त्यामुळं सगळी जनता मागनं चढते आणि मागनंच उतरते. आता मोठ्या विमानाची सवय लागलेले लोक काय करतात, जास्तीचे पैसे भरून पहिल्या-दुसऱ्या ओळीत बसतात, आणि इथं नेमकं उलटं होतं. पंखा पुढच्या बाजूला, सहा पात्यांचा, जवळजवळ चार मीटर व्यासाचा, त्याची घरघर आणि थरथर पुढच्या लोकांच्या वाट्याला, आणि उतरताना नंबर सगळ्यात शेवटी. पैसे देऊन हे कशाला विकत घ्यायचं? मागनं तिसरी-चौथी ओळ घ्या, लै फरक पडतो. अगदी शेवटची नको, कारण टॉयलेट तिथंच एकुलतं एक, लोक डोक्यावर येऊन उभे राहतात, आणि विमान हलायला लागलं की शेपटीकडं जास्त कळतं.

आवाज कर्कश नसतो, एकसुरी असतो, खालच्या पट्टीतला, म्हणून सुरुवातीला काय वाटत नाही पण उतरल्यावर कळतं की कान थकलेत. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन असल्याच एकसारख्या आवाजावर चांगले चालतात, असतील तर न्याच. नसतील तर कापसाचे बोळे, आमच्या आई ते बॅगेत ठेवूनच असतात आणि त्यांना कधी तक्रार करताना बघितलं नाही मी.

हलण्याबद्दल सगळेच विचारतात. एटीआर जास्तीत जास्त २५ हजार फुटांपर्यंत जातं, रोजच्या उड्डाणात त्याच्याही बरंच खालनं, आणि जेट विमानं साधारण ३५ हजाराच्या आसपास. म्हणजे जेटवाले ज्या ढगांच्या वरनं जातात त्यातल्या बऱ्याच ढगांत आपण आतच असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव जमायला लागला की जमिनीवरनं तापलेली हवा वर उसळते आणि मग शेजारपाजारची मंडळी अंबाबाईचा धावा करायला लागतात. विमानाला त्यात काय होत नाही, ते हलण्यासाठीच बनवलेलं असतं, पण पोटातलं मिसळ-पाव मात्र हलतंय हे खरं. उन्हाळ्यात शक्यतो सकाळचं उड्डाण घ्या, हवा थंड आणि शांत असते. आणि निघायच्या आधी तांबडा रस्सा ओरपू नका, इतकंच.

अजून एक, विमान उभं असताना आत उकडतं म्हणून लोक एअर होस्टेसवर चिडतात. त्या बिचारीच्या हातात काय नसतं. मोठ्या विमानाच्या शेपटीत उभं असताना वीज आणि एसी चालवायला वेगळं छोटं इंजिन असतं, एटीआरमध्ये ते सहसा नसतंच. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून धरून ठेवतात, ह्याला हॉटेल मोड म्हणतात. ते चालू असेल तर आत गार, नसेल तर रुमाल काढा.

पण एटीआरची मजा खिडकीत आहे. पंख वरच्या बाजूला असल्यामुळं खालचं काय अडत नाही, आणि उंची कमी म्हणून सगळं ओळखू येतं, उसाचे पट्टे, पंचगंगेची वळणं, पाऊस झाल्यावर तर नुसतं हिरवंगार. मधल्या ओळीत बसलं तर पोटातनं चाक बाहेर येतानाही दिसतं, लहान पोरं ह्यावर खूश. पायऱ्याही कमी, गुडघेदुखीवाल्यांना हे विमान सोपं पडतं.

एम्ब्रेअर म्हणजे जेट विमान, आपल्याकडं त्याचे दोन प्रकार, गल्लत करू नका. छोटं ते १४५, ५० सीटांचं, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. एकट्याची सीट मिळाली तर खिडकीही तुमची आणि वाटही तुमची, माझ्या मते कोल्हापुरातनं मिळणारी सगळ्यात झकास सीट हीच. इंजिनं शेपटीला चिकटलेली, म्हणून इथं एटीआरच्या उलट, पुढं शांत आणि मागं गोंगाट. वाईट काय तर आतली उंची १.८२ मीटर, तालमीतल्या गड्यानं मान वाकवूनच आत शिरायचं, आणि वरचे कप्पे फक्त दोन सीटांच्या बाजूला.

मोठं ते १७५, स्टार एअरकडं आहे ते ७६ सीटांचं, त्यातल्या १२ बिझनेसच्या. दोन-दोनची रचना, उंच माणूस सरळ उभा राहू शकतो, आणि ट्रॉली वरच्या कप्प्यात बसते. ह्यात कुठंही बसा, फार फरक नाही. शंभरातले नव्वद मार्क ह्याला, एटीआरला मागच्या सीटवर सत्तर, पुढच्या सीटवर पन्नाससुद्धा द्यायची इच्छा नाही.

सामानाचं मात्र सगळ्या छोट्या विमानांत बघून घ्या. एटीआर आणि १४५ मध्ये वरचे कप्पे बुटके, त्यामुळं ट्रॉली विमानाच्या दारातच काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. एका कंपनीनं, नाव घेत नाही, जुलैच्या धो-धो पावसात आमच्या ट्रॉल्या उघड्या गाड्यावर ठेवल्या, वर प्लास्टिकसुद्धा टाकलं नाही, आतल्या फायलींचा लगदा झाला आणि काउंटरवर विचारलं तर फॉर्म भरा म्हणाले. तेव्हापासून लॅपटॉप, कागदपत्रं, औषधं छोट्या पाठीवरच्या पिशवीत, आणि ट्रॉलीत आतनं एक मोठी प्लास्टिकची पिशवी, साडीच्या दुकानात मिळते तसली, तीच चांगली टिकते.