कॅम्पातला रविवारचा बायबल क्लास: गर्व आणि नम्रता, 6 आठवडे

आमच्या चर्चमधे उपासनेनंतर तासभर चालणारा हा क्लास नुकताच संपला, फी काही नाही, वही आणि मराठी बायबल घेऊन जायचं बस. मला सगळ्यात भिडला तो नामानचा धडा, बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाचा 5 वा अध्याय. एवढा मोठा अरामी सेनापती, अंगावर कोड, आणि बरं व्हायला यार्देन नदीत 7 वेळा बुडी मार असं अलीशा संदेष्ट्यानं सांगितल्यावर चिडतो, आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत का म्हणतो, शेवटी त्याला समजावतात कोण तर त्याचेच नोकर! ऐकताना मला ऑफिसातली ज्युनिअर आठवली, तिनं दाखवलेली चूक मी महिनाभर मान्य केली नव्हती, सोमवारी जाऊन सॉरी म्हटलं तेव्हा कुठे बरं वाटलं. लूक 18 मधला गर्विष्ठ परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि नम्र जकातदार यांचा दाखला मात्र घाईत उरकला, त्याला अख्खा रविवार हवा होता.

येशू शिष्यांचे पाय धुतो त्या योहान 13 च्या दिवशी शिकवणाऱ्या काकांनी खरंच परात, टॉवेल आणून झाडलोट करणाऱ्या मावशींचे पाय धुतले, मावशी पाय मागे घेत होत्या, नको हो काका, नको, अगदी येशूला नको म्हणणाऱ्या पेत्र या शिष्यासारखं. हॉलमधे कुणी बोलेना.

पंख्यांचा आवाज फार आहे, पुढच्या रांगेत बसा. नवी बॅच लागली की नक्की जा, नवरा-बायको दोघं गेलात तर फारच छान.