आरशातलं विश्व की जर-तरचं? आधी कुठला संच घ्यावा

मित्राची मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परवा कॉलेज रोडला मिसळ खाताना म्हणाली, "काका, स्टार ट्रेकच्या त्या दुसऱ्या विश्वांतल्या कादंबऱ्या घ्यायच्यात. पण दोन्ही संच एकदम परवडणार नाहीत. आधी कुठला घेऊ?" पाव संपला तरी माझं उत्तर संपेना, म्हणून ते इथे लिहून काढतोय.

स्टार ट्रेक ही अंतराळजहाजांवरची अमेरिकन विज्ञानमालिका. अशा मालिकेवर बेतलेल्या कादंबऱ्यांत ओळखीच्या पात्राला वेगळं करून दाखवायच्या दोन वाटा आहेत. एकीत सगळं जगच मुळातून उलटं असतं. दुसरीत जग आपलंच असतं, फक्त एका ठिकाणी एक गोष्ट वेगळी घडते.

पहिली वाट पंचवटीत वाढलेल्याला समजावून सांगावी लागत नाही. सीतागुंफेच्या रांगेत आजीनं सांगितलं होतं, रावणानं नेली ती छायासीता, खरी सीता अग्नीपाशी ठेवलेली. अध्यात्म रामायणात ही कथा आहे, तुलसीदासांकडेही आहे. अध्यात्म रामायणातली सीता तर त्याही पुढची. राम तिला वनात न्यायला तयार नसतो तेव्हा ती म्हणते, एवढी रामायणं ऐकली, त्यातल्या एकात तरी राम सीतेला मागे ठेवून गेलाय का? स्वतःच्या इतर आवृत्त्या माहीत असलेलं पात्र! दुसरी वाट आपल्याला जयंत नारळीकरांनी दाखवली. त्यांच्या कथेतले गंगाधरपंत ज्या जगात जाऊन पोहोचतात तिथे पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागत नाही, आणि तिथून हिंदुस्थानचा इतिहासच निराळा होतो. 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नारळीकरांना ऐकायची फार इच्छा होती. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत.

आता संच. आरशातल्या विश्वाची सुरुवात 1967 च्या एका भागापासून होते. अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क चुकून अशा विश्वात पोहोचतो जिथे फेडरेशन, म्हणजे ग्रहांचा शांतताप्रिय संघ नाही, क्रूर साम्राज्य आहे. वरच्याचा खून केला की बढती मिळते आणि कर्कचा तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक याला दाढी आहे. परत निघताना कर्क त्या दाढीवाल्या स्पॉकला म्हणतो, हे साम्राज्य टिकणार नाही, मग त्याला टेकू का देतोस? स्पॉक म्हणतो, विचार करीन. पुढे त्याचं काय होतं, ते भाग सांगत नाही. 1994 साली 'डीप स्पेस नाइन' या दुसऱ्या स्टार ट्रेक मालिकेनं पुढचं सांगितलं: स्पॉकनं खरंच सुधारणा केल्या, साम्राज्य दुबळं झालं, आणि क्लिंगन व कार्डॅशियन या परग्रही जमातींच्या युतीनं माणसांना गुलाम केलं. म्हणजे भल्या माणसाचं ऐकून वाटोळं झालं.

डेव्हिड मॅक यांची 'द सॉरोज ऑफ एम्पायर' ही गोष्ट नेमकी इथेच बोट ठेवते. ती आधी 2007 च्या 'ग्लास एम्पायर्स' या संग्रहात लघुकादंबरी म्हणून आली, पुढे तिचीच मोठी कादंबरी झाली. मॅक म्हणतात, स्पॉक फसला नाही, त्यानं ठरवूनच हे केलं. साम्राज्य पडणार, आपण मरणार, दोन-तीन पिढ्या गुलामीत जाणार, हे सगळं हिशेबात धरून त्यानं पुढच्या स्वातंत्र्याचं बी पेरलं. वाचताना अंगावर काटा येतो, कारण हा आपलाच स्पॉक आहे. तीच तर्कबुद्धी, तोच थंडपणा, फक्त समोरचा हिशेब कोट्यवधी जिवांचा. त्याला साधू म्हणावं की राक्षस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पेरलेलं उगवतं ते 2011 च्या 'राइज लाइक लायन्स'मध्ये, आणि ती 'द सॉरोज ऑफ एम्पायर'नंतरच वाचायची.

बाकीचा आरसा इतका लखलखीत नाही. 'ग्लास एम्पायर्स'मध्येच एका गोष्टीत पिकार्ड (कर्कनंतरच्या मालिकेतला कॅप्टन) कॅप्टन नसून पुरातत्त्वज्ञ आहे. कल्पना झकास, कारण मूळ पिकार्डचं पुरातत्त्वाचं वेडही आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षीचं 'ऑब्सिडियन अलायन्सेस' वाचनीय आहे, पण अनेक पात्रं 'मूळची चांगली म्हणून इथे वाईट' एवढ्यावरच उरकलेली वाटतात. दाढी लावली की खलनायक झाला, हा हिशेब एकदा गंमत देतो, पाचव्यांदा नाही. विल्यम शॅटनर यांच्या नावाच्या कादंबऱ्यांत (पहिली 'स्पेक्टर', 1998) आरशातला कर्क टायबेरियस म्हणून परततो. शॅटनर पडद्यावरचे कर्क, त्यामुळे त्या पुस्तकांत कर्कला काहीच अशक्य नाही. प्रवासात वाचायला ठीक.

या वाटेवर एक जुनं पुस्तक मात्र वेगळं काढतो: डायेन ड्युएन यांचं 'डार्क मिरर', 1993 चं. पुढच्याच वर्षी मालिकेनं साम्राज्य पाडलं, त्यामुळे हे पुस्तक अधिकृत कथेत बसत नाही, तरी काही बिघडत नाही. आरशातल्या जहाजावर पिकार्ड आपल्या जुळ्याच्या खोलीत शेक्सपिअर उघडतो आणि वाचतो, तर 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये मांसाचा तुकडा खरंच कापून घेतला जातो. दयेवरचं ते प्रसिद्ध भाषण तिथे दयेचं राहिलेलंच नाही. शंभर खून दाखवून जे कळलं नसतं ते त्या एका पुस्तकाच्या पानांनी कळतं.

आता जर-तरचा संच, नाव 'मिरियड युनिव्हर्सेस'. 2008 मध्ये दोन खंड, 2010 मध्ये तिसरा, प्रत्येकात तीन लघुकादंबऱ्या. एकीचा दुसरीशी संबंध नाही, त्यामुळे कुठूनही उघडा. आरशात मागचं वाचलं नसेल तर 'राइज लाइक लायन्स'मध्ये माणूस हरवतो, इथे ती भीती नाही.

पण इथे दुसरी अट आहे: मूळ कथा पक्की माहीत हवी. 'द चाइम्स अॅट मिडनाइट'मध्ये स्पॉक सात वर्षांचा असतानाच मेलेला आहे. ही कल्पना 1973 च्या अॅनिमेशन मालिकेतल्या एका भागातून घेतली आहे. कर्कशेजारी थेलिन हा अँडोरियन, म्हणजे दुसऱ्याच परग्रही जमातीचा अधिकारी उभा आहे आणि आपण पाहिलेल्या चित्रपटांतले प्रसंग स्पॉकविना घडतात. ते चित्रपट पाहिले नसतील तर पान 1 पासून कोरडं वाटेल. पाहिले असतील तर प्रत्येक प्रसंगात रिकामी जागा दिसते.

माझ्या मते दोन्ही संचांत मिळून सगळ्यात टोकदार गोष्ट पहिल्या खंडातली, जेम्स स्वालो यांची 'सीड्स ऑफ डिसेंट'. तिच्यात जुन्या मालिकेतला खलनायक, जनुकं सुधारून घडवलेला हुकूमशहा खान नूनियन सिंग युद्ध जिंकलाय. (खान आणि सिंग एकाच नावात, उत्तर भारतातला बहुधा शीख असा तर्क, आणि 1967 मध्ये भूमिका मेक्सिकन नटाची. असो.) सुधारित जनुकांची माणसं राज्यकर्ती आहेत, साधी माणसं पायदळी. युद्धनौकेवर अधिकारी आहे ज्युलियन बशीर. 'डीप स्पेस नाइन'मधला मूळ डॉक्टर बशीरही लहानपणी जनुकं बदललेला आहे, पण तिथे ते बेकायदा असल्यानं तो वर्षानुवर्षं लपवत राहतो, उघड झालं तर नोकरी जाईल या धास्तीत. इथे त्याच गोष्टीनं तो मालक झालाय. रक्त तेच, बुद्धी तीच. आरशातला क्रूर माणूस क्रूर का, तर तिथे सगळेच तसे. बशीरचं कारण मात्र आपल्याला त्याच्या मूळ आयुष्यातच सापडतं, म्हणून तो जास्त बोचतो.

त्याच खंडातली क्रिस्टोफर बेनेट यांची 'प्लेसेस ऑफ एग्झाइल' शांत आहे. बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूजमातीशी करार होण्याआधीच, घरापासून फार दूर अडकलेलं व्हॉयेजर हे जहाज मोडतं आणि घरी जायचा हट्ट कॅप्टन जेनवेला हळूहळू सोडावा लागतो. मालिकेत सात वर्षं तिनं जो हट्ट धरला, तोच इथे अडचण ठरतो. तिसऱ्या खंडातली, बोर्गांनी पकडून 'लोक्युटस' केलेला पिकार्ड जिवंत राहतच नाही ती गोष्टही चांगली, पण ती मूळ भाग पाहून लगेच वाचावी.

तर पोरी, तुझ्यापुरतं. तू जुनी मालिका अर्धी आणि पिकार्डची पूर्ण पाहिली आहेस, बशीर-जेनवे अजून नाहीत. म्हणजे जर-तरचा संच आज घेतलास तर अर्ध्याहून जास्त वाया जाईल. आधी एकटं 'डार्क मिरर' मागव. ते आवडलं तर 'द सॉरोज ऑफ एम्पायर', पण मोठ्या कादंबरीच्या रूपातलं, संग्रहातलं नको. 'ऑब्सिडियन अलायन्सेस'वर पैसे घालू नकोस, माझी प्रत घेऊन जा. सुट्टीत बशीरची मालिका बघ, किमान 1997 सालचा तो भाग येईपर्यंत जिथे त्याचं गुपित फुटतं. मग 'मिरियड युनिव्हर्सेस'चा पहिला खंड.

मराठीत यातलं काहीच मिळणार नाही, इंग्रजीच वाचावं लागेल. मॅक सोपं लिहितात, ड्युएन थोडं सावकाश. आणि पुढच्या वेळी मिसळीचे पैसे तू दे.