बिघडलेल्या परवानग्या: जागेवर दुरुस्ती की नव्याने इन्स्टॉल?

देवगडजवळच्या आमच्या आंबा पॅकिंग शेडमध्ये ज्या संगणकावर पावत्या निघतात, त्यावर कुणीतरी थेट '/' वर 'सीएचमॉड -आर 777' चालवले, म्हणजे मुळापासून सगळ्या फाइली वाचायला, बदलायला आणि चालवायला सर्वांना खुल्या केल्या, तेव्हा मला दोन्ही उपाय करून पाहावे लागले. संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली होती, ही बाब निर्णयात महत्त्वाची ठरते.

जागेवर दुरुस्ती करताना आधी 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्राम) हाच चालत नाही, कारण त्याचा सेटयूआयडी बिट, म्हणजे फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण, गेलेला असतो. म्हणून लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच प्रणाली चालते) बूट करून, सीएचरूट या आज्ञेने डिस्कवरच्या बिघडलेल्या प्रणालीत शिरून, 'सुडो'ला 4755, सुडो कुणी वापरावे हे ठरवणाऱ्या सुडोअर्स फाइलला 0440 आणि तात्पुरत्या फाइलींच्या /टीएमपीला 1777 अशी परवानगी द्यावी लागते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर हे काम बरेच सोपे आहे: प्रत्येक फाइलचा मालक आणि परवानगी आरपीएम या पॅकेजे सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदीत असते, त्यामुळे आधी मालक पूर्ववत करणारे 'सेटयूजीआयडीज' आणि मगच परवानग्या पूर्ववत करणारे 'सेटपर्म्स' चालवले की पॅकेजांपुरते काम उरकते (क्रम उलटा केला, तर मालक बदलताना सेटयूआयडी बिट पुन्हा पुसला जातो). उबुंटूत हेच काम करणाऱ्या डीपीकेजीकडे अशी एक आज्ञा नाही. पॅकेजे पुन्हा उतरवून बसवावी लागतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडचे मोबाइल नेटवर्क पाहता ते सोपे नाही.

तरीही मला खरा त्रास झाला तो दुरुस्ती पूर्ण झाली की नाही, हे कधीच न कळण्याचा. लॉगिन होऊ लागले, पावत्या पडद्यावर दिसू लागल्या, आणि वाशीला जाणारा ट्रक दारात उभा असताना प्रिंटर गप्प झाला. लॉगमध्ये कप्स या छपाईच्या प्रणालीची तक्रार होती की बॅकएंडच्या (प्रिंटरशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या) परवानग्या असुरक्षित आहेत. ते निस्तरले, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस अडला. त्याला डेटा डिरेक्टरीवर 0700 किंवा 0750 च हवे असते. अशा फाइली इन्स्टॉलनंतर तयार होतात, त्यामुळे पॅकेज पुन्हा बसवूनही त्या सुधारतीलच असे नाही. शिवाय तक्रार करणारे प्रोग्राम निदान कळतात. सर्वांना वाचता येणारी एखादी गोपनीय फाइल मात्र मुकाट्याने तशीच राहते.

नव्याने इन्स्टॉल करताना प्रिंटर, मराठी कीबोर्ड, पावत्यांचा प्रोग्राम हे सारे पुन्हा बसवावे लागते, आणि ते कंटाळवाणे आहे हे मान्य. पण मूळ प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच येते आणि सिस्टिम फाइलींबद्दल शंका उरत नाही. वापरकर्त्यांच्या फाइली असलेले /होम डिस्कच्या वेगळ्या भागावर, म्हणजे पार्टिशनवर असेल, तर ते फॉरमॅट न करता जोडता येते. पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सहसा 1000 च असल्याने मालकीही जुळते. फक्त तिथेही 777 पोहोचलेले असते, तेव्हा एसएसएचच्या (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीच्या) डिरेक्टरीला 700 आणि खासगी किल्लीला 600 आठवणीने द्यावे.

बिघाड एखाद्याच डिरेक्टरीपुरता असेल, किंवा टाइमशिफ्ट या प्रोग्रामने आधी घेतलेली प्रणालीची प्रत (स्नॅपशॉट) हाताशी असेल, तर इन्स्टॉलची गरज बहुधा पडणार नाही, आणि दुरुस्तीतून शिकायलाही पुष्कळ मिळते. मात्र 777 सर्वत्र पसरले असेल, संगणक रोजच्या कामाचा असेल आणि करणारा नवखा असेल, तर माझ्या मते पेन ड्राइव्ह काढावा. त्याआधी लाइव्ह प्रणालीतून /होम, सेटिंग्जच्या फाइलींचे /ईटीसी आणि डेटाबेस बाहेरच्या डिस्कवर टारमध्ये, म्हणजे मालकी-परवानग्यांसह एकाच फाइलीत, बांधून घ्यावेत. ती डिस्क फॅट प्रकारची असेल, तर नुसत्या कॉपीत मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत.